रेफरन्स डॉक्समध्ये तुम्ही वाट कशी काढता?

पाचवा_कंस (धागाकर्ता)

"डॉक्स वाच" हा सल्ला मला मिळालेला आहे, तो पुन्हा देऊ नका. वाचतोय, आणि तिथेच घोडं अडलंय.

दोन महिन्यांपूर्वी एक जुनं अंतर्गत टूल माझ्या गळ्यात पडलं. लिहिणारा दुसरीकडे गेला. पोस्टग्रेस डेटाबेसमधून रोज रात्री आकडे काढायचे, पायथनने त्यांच्या टेक्स्ट फायली करायच्या, आणि हे सगळं ठरल्या वेळी क्रॉनने चालवायचं, एवढाच कारभार. तिन्हींचं डॉक्युमेंटेशन नावाजलेलं आहे म्हणे. असेल बापडं. मी उघडतो तेव्हा अनुक्रमणिका स्क्रोल करता करता बोट दुखतं, आणि प्रत्येक वाक्यात दोन-तीन शब्द असे असतात की त्यांच्यासाठी आणखी दोन-तीन पानं उघडावी लागतात. अर्ध्या तासाने वीस टॅब उघडे, आणि आपण कशासाठी आलो होतो तेच आठवत नाही.

शेवटी सर्च इंजिन. कोणीतरी कधीकाळी दिलेलं उत्तर, कॉपी, चाललं, सुटलो. का चाललं ते कळलेलं नसतं, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

ट्युटोरियल मला समजतं. अडतो तो रेफरन्सपाशी. तुम्ही प्रत्यक्षात काय करता? पान उघडल्यावर डोळे आधी कुठे जातात? अगदी बारीकसारीक सांगितलंत तरी चालेल.

कर्सर

सोर्स कोड उघडतो. डॉक्स खोटं बोलतात, कोड बोलत नाही.

टिंबटिंब

+१ कर्सर. आणि हल्ली चॅटबॉट आहेच की. वीस टॅब उघडतंय कोण?

खालची_टीप

सोर्स आणि चॅटबॉटकडे नंतर येऊ, दोन्हींवर बोलायचंय.

पाचवा_कंस, तुम्ही शब्दकोश पहिल्या पानापासून वाचायला बसलाय, म्हणून दमताय. रेफरन्स म्हणजे ज्याला नाव ठाऊक आहे त्याच्यासाठी लावलेली कपाटं. नाव माहीत नसेल तर तो मख्ख बसून राहतो. म्हणून आधी वाचायला लागू नका, आधी नाव मिळवा. मला जे हवंय त्याला ही मंडळी म्हणतात काय?

नावं मिळायच्या जागा वेगळ्या. ट्युटोरियल ही त्यातली मोठी; मी ती शिकायला कमी आणि नावं वेचायला जास्त वापरतो. लिनक्सवर मॅन्युअलची पानं 'मॅन' या आज्ञेने उघडतात; 'मॅन -के' लिहून पुढे एखादा शब्द दिला की ज्या पानांच्या नावात किंवा एकोळी वर्णनात तो शब्द आहे, ती सगळी पानं समोर येतात. (आज्ञा देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर आपापल्या रोमनमध्ये करून घ्या.) पायथनच्या डॉक्समध्ये 'जनरल इंडेक्स' नावाची वर्णानुक्रमे सूची आहे. सर्च बॉक्सपेक्षा मला ती आवडते, कारण तिच्यात नुसती नावं आहेत. सर्च बॉक्स तो शब्द जिथे जिथे सहज येऊन गेलाय ती पानंही तोंडावर फेकतो.

मग प्रश्न कपाटाचा. दानिएले प्रोचिदा यांची डायाटॅक्सिस नावाची एक मांडणी आहे, तीत डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार केलेत: ट्युटोरियल, हाउ-टू, रेफरन्स आणि एक्स्प्लनेशन. "कसं करू" हा प्रश्न घेऊन रेफरन्सकडे गेलात की तो फक्त "हे काय आहे" एवढंच सांगतो. त्याचा दोष नाही, तुम्ही दार चुकलात.

पायथनमध्ये तर रेफरन्सच दोन आहेत, लँग्वेज आणि लायब्ररी. माझा ठोकताळा: 'फॉर', 'विथ', 'ट्राय' असे भाषेचे राखीव शब्द असतील तर लँग्वेज रेफरन्स, ज्याच्यापुढे कंस लावून हाक मारतो ते लायब्ररीत. 'फॉर'ला 'एल्स' कसा लागतो हे लायब्ररीत जन्मभर शोधलंत तरी मिळायचं नाही.

मात्रा

सगळं बरोबर, पण हवेत आहे. पाचवा_कंस, आत्ता नेमके कशात अडकलाय? त्यावरच हात चालवू.

पाचवा_कंस

घ्या, तीन आहेत.

१. क्रॉनच्या ओळीत मी लॉग फायलीच्या नावात तारीख घातली. म्हणजे 'स्क्रिप्ट > लॉग-$(डेट +%एफ)' असं काहीसं. हाताने चालवलं तर झकास. क्रॉनमधून काहीच होत नाही, फाइलच तयार होत नाही. 'मॅन क्रॉनटॅब' वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. शपथेवर सांगतो, तिथे काही नाही.

२. अहवालांची नावं फायलीच्या नावावरून काढतो, शेवटचं 'डॉट टीएक्सटी' उडवून. काहींचं शेवटचं अक्षरही उडतं. रिपोर्ट, बजेट, ऑडिट यांचा 'टी' गेला. समरी आणि लेजर शाबूत. इंडेक्सचा तर 'एक्स' गेला! आधीच्या माणसाने यावर उपाय म्हणून नावांची दुरुस्ती करणारी एक यादीच कोडमध्ये ठेवली आहे.

३. एका मोठ्या टेबलाला नवा कॉलम घालायचाय, डीफॉल्ट किंमत देऊन. पोस्टग्रेसच्या डॉक्समध्ये वाचलं की असं केल्यावर सगळं टेबल नव्याने लिहिलं जातं. टेबल अवाढव्य आहे. त्यामुळे महिनाभर हात लावलेला नाही.

रात्रपाळी

पहिल्याचं उत्तर देतो. तुम्ही पान पूर्ण वाचलंत हे खरं आहे. चुकीचं पान पूर्ण वाचलंत.

'मॅन क्रॉनटॅब' उघडल्यावर अगदी वरच्या ओळीत डावी-उजवीकडे नाव आणि कंसात आकडा असतो, बघा. तिथे १ असणार. म्हणजे हे पान क्रॉनटॅब नावाच्या *आज्ञेचं*. ती आज्ञा फाइल उघडून देते, यादी दाखवते, फाइल पुसते. तुमचा प्रश्न आज्ञेचा नाही, त्या फायलीत काय लिहायचं याचा आहे. फायलींचे फॉरमॅट पाचव्या विभागात. 'मॅन ५ क्रॉनटॅब' असं लिहा. नाव तेच, पान दुसरं. मग तिरपी रेघ दाबून '%' शोधा.

तिथे मिळेल ते असं: आज्ञेतला टक्का, त्याच्याआधी '\' नसेल तर, नवी ओळ म्हणून धरला जातो, आणि पहिल्या टक्क्याच्या पुढचं सगळं त्या आज्ञेला इनपुट म्हणून दिलं जातं. म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या तुमच्या शेलला मिळालं 'स्क्रिप्ट > लॉग-$(डेट +' इतकंच. कंस उघडलाय, मिटलेला नाही. शेल ओरडला असणार, आणि मशिनवर मेलची सोय असेल तर क्रॉनने ती ओरड त्या खात्याच्या मेलपेटीत टाकलीही असणार.

हे आकडे म्हणजे सजावट नाही. १ म्हणजे आज्ञा, २ सिस्टिम कॉल, ३ लायब्ररी फंक्शन, ५ फाइल फॉरमॅट, ८ प्रशासनाच्या आज्ञा. ४, ६, ७ क्वचित लागतात (६ हा खेळांचा आहे!). युनिक्सच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ ची, तिच्यातही विभाग होते आणि फाइल फॉरमॅट तेव्हाही पाचव्यातच होते. पन्नास वर्षं कपाट हललेलं नाही. 'प्रिंटएफ'ची पण हीच गंमत: सी भाषेचं बघायला जाता आणि शेलमधल्या आज्ञेचं पान उघडतं, कारण आकडा दिला नाही तर आधी पहिला विभाग बघितला जातो.

एक सवय लावून घ्या. मॅन पान उघडल्यावर मोठा जी दाबून थेट तळाशी जा. 'सी ऑल्सो' बघा. शेजारची दारं तिथे लिहिलेली असतात. तुम्ही दोनदा वाचलेल्या पानाच्या तळाशीही 'क्रॉनटॅब(५)' होतं.

पाचवा_कंस

चाललं! खरंच तळाशी होतं. 'सी ऑल्सो' आलं की लेख संपला असं समजून मी पान बंद करत होतो.

तिरपी_रेघ

ते पाचव्या विभागाचं पान उघडलंच आहे तर महिन्याची तारीख आणि आठवड्याचा वार यांच्याबद्दलचा परिच्छेदही वाचून घ्या. दोन्ही रकाने भरले तर क्रॉन "दोन्ही जुळले तरच" असं बघत नाही, कुठलाही *एक* जुळला की चालवतो. १३ तारीख आणि शुक्रवार लिहिलंत तर दर तेरा तारखेलाही चालेल आणि दर शुक्रवारीही. मी हे वाचून शिकलो नाही, महिनाअखेरीचं काम दर सोमवारी धावल्यावर शिकलो.

आता दुसऱ्या कोड्याकडे. पाचवा_कंस, कोडमध्ये 'आरस्ट्रिप' आहे ना?

पाचवा_कंस

आहे. 'आरस्ट्रिप' आणि कंसात '.टीएक्सटी' (रोमनमध्ये). त्याचं डॉक शोधायला लायब्ररी रेफरन्समध्ये 'स्ट्रिंग' मॉड्यूलचं पान उघडलं. आरस्ट्रिप तिथे नाहीच.

तिरपी_रेघ

तिथे बहुतेक सगळेच एकदा जाऊन येतात. 'स्ट्रिंग' नावाचं मॉड्यूल वेगळं आणि 'एसटीआर' हा टाइप वेगळा. आरस्ट्रिप ही टाइपची मेथड, म्हणून ती 'बिल्ट-इन टाइप्स' या लांबलचक पानात आहे. खालची_टीप म्हणतात ती सूची इथेच कामी येते: 'आर'खाली आरस्ट्रिप बघा, कंसात 'एसटीआर मेथड' लिहिलंय, टिचकी मारा, थेट त्या नोंदीवर. कपाट कुठलं याचा विचारच करावा लागत नाही.

आता ती नोंद माझ्याबरोबर वाचा, कारण "डोळे आधी कुठे जातात" असं तुम्ही विचारलंत.

आधी सिग्नेचर, म्हणजे नाव आणि कंसात काय काय द्यायचं ती ओळ. आर्ग्युमेंटचं नाव 'कॅर्स' आहे. 'सफिक्स' नाही, 'कॅर्स'. अनेकवचनी, म्हणजे अक्षरं. मी असतो तर इथेच थबकलो असतो. नावं ठेवणाऱ्याने अर्धं सांगून टाकलेलं असतं. मग गद्य. नोंद चार-पाच वाक्यांची आहे. पहिलं वाक्य म्हणतं, शेवटची अक्षरं काढलेली प्रत मिळते. बहुतेक जण इथे थांबतात, कारण हवं ते ऐकायला मिळालं. पुढे एक वाक्य येतं की 'कॅर्स' हा प्रत्यय नव्हे, त्यातल्या अक्षरांच्या सगळ्या जुळण्या काढल्या जातात.

म्हणजे तुम्ही "शेवटून टिंब, टी, एक्स यांपैकी काहीही दिसेल तोवर खात जा" असं सांगितलंत. रिपोर्टच्या फायलीत आधी एक्स्टेन्शन गेलं, मग समोर रिपोर्टचा 'टी' दिसला, तोही गेला, मग 'आर' आला तिथे थांबलं. इंडेक्सचा 'एक्स' तसाच गेला. समरीच्या शेवटी 'वाय' आहे, म्हणून वाचली.

त्याच नोंदीत पुढे 'रिमूव्हसफिक्स'कडे बोट दाखवलंय. ती पायथन ३.९ मध्ये आली. तुमचं टूल त्याच्या आधीचं असेल, म्हणून त्या माणसाने यादी पाळली.

मात्रा

इंडेक्सचा एक्स वाचून हसू आवरलं नाही. दुरुस्तीची यादी किती मोठी होती?

पाचवा_कंस

एकतीस नावं. 'टेक्स्ट'साठी वेगळी नोंद, कारण त्याचा 'टी' आणि 'एक्स' दोन्ही जायचे. आत्ता सगळी उडवली. वर्षानुवर्षं कोणीतरी ती वाढवत होतं.

सिग्नेचरवरून आणखी एक. 'सॉर्टेड'च्या कंसात मधेच '/' आणि '*' असतात. मी ते छपाईची चूक समजत होतो.

तिरपी_रेघ

:) '/' च्या आधीचं आर्ग्युमेंट जागेनुसारच द्यायचं, नाव लिहून देता येत नाही. '*' च्या नंतरचं नाव लिहूनच द्यायचं. म्हणून सॉर्टेडला यादी नुसती देता, पण 'की' आणि 'रिव्हर्स' मात्र नावानिशी. रेघेचं हे लिहिणं पायथन ३.८ पासून भाषेतच आहे. मॅन पानांत चौकोनी कंस म्हणजे दिलं नाही तरी चालेल, तीन टिंबं म्हणजे कितीही वेळा, आणि उभी रेघ म्हणजे यातलं एकच. एवढं कळलं तर निम्मी पानं गद्य न वाचताच उलगडतात. माझा कितीतरी वेळ त्या गद्यातच गेला, सिग्नेचरकडे कधी नीट पाहिलंच नाही.

रात्रपाळी

तिसरा प्रश्न माझ्या पोटापाण्याचा आहे, म्हणून तोही घेतो. दोन गोष्टी आधी सांगा. 'सिलेक्ट व्हर्जन()' काय म्हणतं? आणि तुम्ही वाचलेल्या पानाच्या पत्त्यात कुठला आकडा होता?

पाचवा_कंस

सर्व्हरवर १५. पानाच्या पत्त्यात... ९.४. अरे देवा.

रात्रपाळी

बरोबर. सर्च इंजिनला पान जितकं जुनं तितकं कधीकधी प्यारं असतं. पोस्टग्रेसच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर आवृत्त्यांचे आकडे असतात, त्यातल्या १५ वर टिचकी मारली की तेच पान तुमच्या आवृत्तीचं उघडतं. मी कुठलंही पान उघडलं की आधी ती पट्टी बघतो, मजकूर नंतर.

तुम्ही वाचलंत ते ९.४ साठी खरंच होतं. आवृत्ती ११ पासून (२०१८) कॉलम घालताना डीफॉल्ट स्थिर असेल तर ती किंमत एकदाच काढून टेबलाच्या मेटाडेटात ठेवली जाते, जुन्या ओळींना हातही लावला जात नाही. टेबल केवढंही असो, क्षणात होतं. मात्र 'ऑल्टर टेबल' टेबलावर सगळ्यांत कडक लॉक घेतं. ते क्षणभरच धरायचं असलं तरी आधी मिळावं लागतं, आणि एखादी लांबलेली क्वेरी पुढे असेल तर तुमच्यामागे सगळ्यांची रांग लागते. गर्दीच्या वेळी करू नका.

आता वाचण्याबद्दल. 'ऑल्टर टेबल'चं पान राक्षसी आहे. वर सिनॉप्सिस, मग एकेका पर्यायाचं वर्णन, मग पॅरामीटर्स, मग *नोट्स*, मग उदाहरणं, मग कम्पॅटिबिलिटी. तुमचं उत्तर 'नोट्स'मध्ये आहे. लोक सिनॉप्सिसवरून उडी मारतात ती थेट उदाहरणांवर. मी उलटा जातो: सिनॉप्सिस, मग नोट्स. "टेबल किती वेळ अडकेल", "किती जागा लागेल", "मधेच बंद पडलं तर काय" हे सगळं नोट्समध्ये असतं. 'क्रिएट इंडेक्स कन्करंटली' मधेच फसलं तर मोडका, 'इनव्हॅलिड' म्हणून खूण केलेला इंडेक्स मागे राहतो, हे त्या पानावर लिहिलेलं आहे. उदाहरणांत दिसत नाही, कारण उदाहरणं नेहमी यशस्वी होतात.

पाचवा_कंस

१५ चं पान उघडलं, नोट्स वाचल्या. तिथे "नॉन-व्होलटाइल डीफॉल्ट" म्हटलंय. झालं, पुन्हा नवा शब्द, नवा टॅब. माझा डीफॉल्ट 'नाऊ()' आहे. तो व्होलटाइल धरायचा का? वेळ तर बदलतेच की.

खालची_टीप

हा प्रश्न चांगला आहे, कारण इथेच साधा अर्थ फसवतो. रेफरन्समधला असा शब्द बोलीतला नसतो, त्याची कुठेतरी व्याख्या केलेली असते. पोस्टग्रेसमध्ये ती 'फंक्शन व्होलटिलिटी कॅटेगरीज' या पानावर आहे, एसक्यूएलचा विस्तार कसा करायचा त्या प्रकरणात. तीन प्रकार: इम्युटेबल, स्टेबल, व्होलटाइल. 'नाऊ()' ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, त्यामुळे एका ट्रान्झॅक्शनमध्ये कितीदाही विचारा, उत्तर एकच. म्हणून ते स्टेबल. 'क्लॉक_टाइमस्टॅम्प()' दर हाकेला खरं घड्याळ बघतं, ते व्होलटाइल, त्याने टेबल नव्याने लिहिलं जाईल. तुमचं 'नाऊ()' चालेल. पण जुन्या सगळ्या ओळींत कॉलम घातला त्या क्षणाची एकच वेळ दिसेल, ते तुम्हाला हवंय का बघा.

पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएल या टर्मिनल प्रोग्राममध्ये '\डीएफ+' पुढे फंक्शनचं नाव दिलंत तरी प्रकार दिसतो, टॅब उघडायची गरज नाही.

वीस टॅबांवर माझा उतारा: ज्या शब्दाने माझा *निर्णय* बदलेल त्याच शब्दासाठी टॅब उघडायचा. 'व्होलटाइल'ने तुमचा बदलत होता. त्याच परिच्छेदातल्या बाकीच्या चार अनोळखी शब्दांना राम राम म्हणायचं. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटला तर या कामासाठी वेगळा शब्दकोशच आहे, 'मॅन गिटग्लॉसरी'. 'ट्री-इश' म्हणजे काय ते मला तिथेच कळलं, तोवर मी तो विनोद समजत होतो.

शेरा

वाचनखूण साठवली. मी पलीकडच्या बाजूची. डॉक्स लिहिते, पोटासाठी.

तुम्हाला अनुक्रमणिका उलटी का वाटते ते सांगते. रेफरन्स कोडच्या रचनेप्रमाणे लावलेला असतो, तुमच्या कामाच्या क्रमाने नाही. बऱ्याच ठिकाणी तो कोडवरच्या कॉमेंटमधून आपोआप तयार होतो, जावाचा जावाडॉक किंवा रस्टचा रस्टडॉक. त्यामुळे मॉड्यूलं कशी विभागली आहेत हे एकदा कळलं की पानं सापडतात. नव्या प्रकल्पात मी पहिला तास एकही नोंद वाचत नाही. फक्त डावीकडची मथळ्यांची यादी वाचते, उघडून-मिटून, कुठे काय ठेवलंय ते बघत.

आमच्या पापाची कबुलीही देते. एका नोकरीत मला एका अंतर्गत लायब्ररीची डॉक्स तपासायला दिली होती. नोंद होती: "सेट टाइमआउट: टाइमआउट सेट करते." सेकंद की मिलिसेकंद? नाही. शून्य दिलं तर काय? नाही. हे कॉमेंट कोडबरोबर असावं असा नियम होता म्हणून कोणीतरी कॉमेंट लिहिलं होतं, इतकंच. पायथनचं 'स्लीप' सेकंद घेतं, जावाचं 'थ्रेड.स्लीप' मिलिसेकंद घेतं. म्हणजे अंदाज चुकला तर हजारपटीने चुकतो. अशी नोंद दिसली की समजा, इथे खरंच सोर्स उघडायची वेळ आली.

अजून एक. "मस्ट", "शुड", "मे" हे शब्द आम्ही मोजूनमापून घालतो, निदान घालावेत. इंटरनेटच्या आरएफसींमध्ये (मानकांच्या दस्तऐवजांत) त्यांच्या व्याख्या १९९७ च्या आरएफसी २११९ मध्ये करून ठेवल्यात. "मे" दिसलं की तो पर्याय समोरचा पाळेल यावर विसंबू नका. आणि आरएफसी उघडलात तर माथ्यावर "ऑब्सोलिटेड बाय" आहे का बघा. एचटीटीपीसाठी १९९९ चा २६१६ अजून लोक उघडतात. त्याच्या जागी २०१४ मध्ये नवे आले, २०२२ मध्ये त्यांच्याही जागी ९११० वगैरे आले. वरच्या पोस्टग्रेस ९.४ च्या पानासारखंच.

कर्सर

बघा, शेरा स्वतःच म्हणतायत, सोर्स उघडा. माझं म्हणणं सिद्ध.

खालची_टीप

थांबा, आता येतो तुमच्याकडे. सोर्स *आज* काय होतं ते सांगतो. डॉक्स *उद्याही* काय होईल याचा शब्द देतात. पायथनची डिक्शनरी घ्या. ३.६ मध्ये (२०१६) आतली रचना बदलली आणि घातलेल्या क्रमाने बाहेर येऊ लागली. सोर्स वाचणाऱ्याला दिसलं, क्रम टिकतो, वापरा. डॉक्स म्हणत होते, हा या अंमलबजावणीचा तपशील आहे, विसंबू नका. ३.७ पासून (२०१८) क्रम ही भाषेचीच हमी झाली. मधल्या काळात ज्यांनी विसंबून कोड लिहिला ते नशिबाने वाचले. पोस्टग्रेसमध्ये 'ऑर्डर बाय'शिवाय ओळी रोज त्याच क्रमाने येतात असं वाटतं, तिथे इतकं नशीब नसतं.

कर्सर

डिक्शनरीचं मान्य. माझा एक कोड त्या नशिबावरच चालत होता. पण "डॉक्स वाचले, तसं होत नाही" अशी वेळ आली की शेवटी सोर्सच. आणि रस्टडॉकमध्ये प्रत्येक नोंदीशेजारी 'सोर्स'चा दुवा असतो, तो काही शोभेला नाही.

टिंबटिंब

माझ्या चॅटबॉटला कोणी हातच लावला नाही.

तिरपी_रेघ

वापरा की. नाव शोधायला उत्तम आहे. "शेवटचा ठरावीक तुकडाच काढायचाय, त्याला काय म्हणतात" असं विचारलंत तर 'रिमूव्हसफिक्स' सांगेल, जे नाव सर्च बॉक्समध्ये टाकायला आपल्याला सुचत नाही. पण मिळालेलं नाव घेऊन नोंदीवर जा. मला एकदा एका आज्ञेचा पर्याय सांगितला, इतका शहाणासुरता की असायलाच हवा होता. दीड तास "माझी आवृत्ती जुनी असेल" म्हणून झगडलो. मॅन पानावर तिरपी रेघ दाबून शोधला असता तर पाच सेकंदांत "पॅटर्न सापडला नाही" दिसलं असतं.

टिंबटिंब

हा झगडा ओळखीचा आहे. बरं, मान्य.

पाचवा_कंस

काल रात्री कॉलम घातला. श्वास रोखून एंटर दाबलं आणि श्वास सोडायच्या आत झालं होतं. 'नाऊ()' काढून टाकलं. खालची_टीपांनी विचारलं तेव्हा लक्षात आलं, जुन्या ओळींना खोटी वेळ नको होती. आधी नुसता रिकामा कॉलम घातला, मग डीफॉल्ट वेगळा लावला. नोट्सच्या वरच, 'सेट डीफॉल्ट'च्या वर्णनात लिहिलंय की तो फक्त पुढच्या ओळींना लागू होतो. हे मी स्वतः शोधलं, एका टॅबमध्ये.

रात्रपाळी, मेलपेटीही उघडली. क्रॉनची पत्रं होती, ढीगभर. बहुतेक सगळी एकाच मजकुराची, न मिटलेल्या कंसाबद्दल. काही माझी. पण बरीचशी मी यायच्या कितीतरी आधीची! मग क्रॉनटॅब नीट बघितला, तर तळाशी कॉमेंट करून बंद केलेली एक ओळ होती. तारीख घालायचा तोच प्रयत्न, तोच टक्का, आणि वर त्याची टीप: "% ने बिघडतं. का ते माहीत नाही. नंतर बघू."

रात्रपाळी

ओळ पुसू नका. टीप पूर्ण करा.

पाचवा_कंस

केली. "नंतर बघितलं. मॅन ५ क्रॉनटॅब."